भावाचं एकविसावं पूर्ण होण्याआधी दावा दाखल करा

प्रश्न: निफाड तालुक्यातली तीन एकर द्राक्षबाग आजोबांनी १९७८ साली विकत घेतली. आजी आणि आमचे वडील त्यांच्या आधीच वारले. आजोबांनंतर सातबाऱ्यावर दोन काका, आत्या, आई आणि आम्हा भावंडांची नावं लागली. पुढच्या वर्षी आईने काकांना नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं. तेव्हा मी बारा वर्षांची आणि भाऊ आठ वर्षांचा होता. आता काका जमीन विकत आहेत. आठ महिने तलाठ्याकडे अर्ज करतोय. वडिलोपार्जित जमिनीत नातवंडांना हक्क नाही का? भावाचं वय वीस वर्षं आठ महिने आहे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: वडील आजोबांच्या आधी वारल्यामुळे तुम्ही वारस आहातच. आजोबांच्या चार मुलांच्या शाखांना प्रत्येकी तीस गुंठे, आणि तुमच्या शाखेत आई व तुम्ही दोघं, म्हणजे प्रत्येकी दहा गुंठे. प्रश्न हक्काचा नाही, मुदतीचा आहे. ती भावापुरती चार महिन्यांत संपते.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची स्थावर मिळकत पालकाने कोर्टाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दिली, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाला तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मात्र सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. म्हणजे एकविसावं पूर्ण होण्यापूर्वी दावा कोर्टात पडला पाहिजे. तलाठ्याकडच्या अर्जांनी ही मुदत एक दिवसही थांबत नाही. आठ महिने तुम्ही चुकीच्या दारात घालवलेत, आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, रद्द झाला असता तरी नोंदणीकृत दस्त तसाच उभा राहिला असता.

आजच दुय्यम निबंधक कार्यालयातून हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि आईने सही कशी केली आहे ते पाहा. ‘स्वतःकरिता व अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून’ असं लिहिलं असेल, तर वरची मुदत लागू. सही फक्त स्वतःपुरती असेल, तर तुम्हा दोघांचे हिस्से दिलेच गेलेले नाहीत आणि तीन वर्षांची अडचण बरीच सैल होते. पण प्रत हातात येईपर्यंत पहिलीच शक्यता खरी धरून चाला.

दाव्यात नुसतं वाटप मागू नका. ‘हक्कसोडपत्र माझ्या हिश्श्यापुरतं रद्द करावं’ ही मागणी पहिल्या दिवसापासून हवी. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण या २००१ च्या निकालात मुलांनी ती नंतर दुरुस्तीने घातली, तोवर मुदत उलटली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा टिकू दिला नाही. नोटीस देऊन दस्त नाकारला तरी चालतं, असंही कुणी सांगेल. ताबा काकांकडे असताना त्यावर विसंबू नका.

आणि ‘वडिलोपार्जित’ हा शब्द सोडा. जमीन आजोबांनी स्वतः घेतली होती, म्हणून तुमचा हिस्सा स्वतंत्र आणि ठरलेला आहे. कलम ८ त्यामुळेच लागतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या अविभक्त हिश्श्याला ते लागत नाही. काकांचे वकील नेमकं हेच म्हणतील, तुम्ही आयतं लिहून देऊ नका. १९७८ चं खरेदीखत दाव्याला जोडा.

भावाचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, दोन्हींवरची तारीख ताडून पाहा. फरक असेल तर आधीची तारीख धरा. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत येईल, या हिशेबाने थांबू नका. जमीन निफाड तालुक्यात आहे, त्यामुळे दावा निफाडच्या दिवाणी न्यायालयात. सोबत तूर्तातूर्त मनाई हुकुमाचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत विक्री थांबवण्याचा, अर्ज द्या. जमीन घेणाऱ्याच्या वकिलाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली, तर तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या दहा गुंठ्यांबद्दल आशा दाखवणं बरोबर नाही. दस्तात आईने तुमच्या वतीनेही सही केली असेल, तर तुमची मुदत काही वर्षांपूर्वीच गेली. आईचा हिस्सा फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय परत येणं कठीण. दस्ताच्या वेळी तिला काही रक्कम मिळाली असेल, तर ती वकिलाला आत्ताच सांगा. उलटतपासणीत बाहेर आली तर भावाचाही दावा अडचणीत येईल. दावा वर्षानुवर्षं चालेल. वाटपाचा हुकूम झाला तरी प्रत्यक्ष सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून केलेलं, वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होईल, मोजणी होईल, दहा गुंठे वेगळे काढताना तुकडेबंदीचा, म्हणजे शेतीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईचा, मुद्दाही निघू शकतो. तो सगळा नंतरचा भाग. या आठवड्यात प्रमाणित प्रत आणि वकीलपत्र, एवढं झालंच पाहिजे, आणि वकीलपत्रावर सही भावाची हवी, तुमची किंवा आईची नव्हे.