कॉलबॅक मागितला एकानं, फोन गेला दुसऱ्याला!

प्रश्न : लातूरला आमचे नीटचे क्लासेस आहेत. वेबसाइटवर नाव-नंबर टाकला की ऑफिसातल्या मॅडम फोन करतात. पण पोरं गंमत म्हणून दुसऱ्याचेच नंबर टाकायलीत. परवा औशाच्या एका काकांना फोन गेला, ते लई चिडले. सिम कुणाच्या नावावर आहे हे आधीच बघता येतं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही येत, आणि आलं तरी उपयोग नाही. सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर आपल्या स्वतःच्या नावावर किती नंबर आहेत तेवढं दिसतं, दुसऱ्याचं नाही. आणि आपल्याकडं सिम वडिलांच्या आधारवर, फोन पोरीच्या हातात अन् रिचार्ज मामा मारणार, मग नाव बघून काय कळणार? तुम्हाला एवढंच बघायचंय की फॉर्म भरणाऱ्याच्या हातात तो फोन आत्ता आहे का.

त्यासाठी सरळ उपाय ओटीपी. आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जाऊच द्यायचा नाही. मेसेजमधे क्लासचं नाव आणि 'कॉलबॅकसाठी' असं स्पष्ट पाहिजे, आणि एका नंबरवर दिवसातून दोन-तीनच ओटीपी जातील असं बंधन घाला, नाहीतर तीच पोरं ओटीपी पाठवून पाठवून त्या काकांना पुन्हा पिडतील. अडचण अशी की फसवणुकीच्या बातम्या वाचून लोक ओटीपी म्हटलं की दचकतात, आणि ते बरंच आहे म्हणा. मग मिस्ड कॉल ठेवा, ज्याला माहिती पाहिजे त्यानं स्वतःच्या फोनवरून तुमच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, त्याच नंबरवर तुम्ही फोन करायचा. गावाकडच्या पालकांना हे जास्त सोपं पडतं असं माझं मत.

पण नंबर खरा निघाला म्हणजे होकार मिळाला असं नाही. मॅडमचं पहिलं वाक्य 'तुम्ही आमच्याकडून फोन मागवला होता का' हेच पाहिजे, नाही म्हणाले की माफी मागून नंबर काढून टाका, 'मग घरात कुणी बारावीला आहे का' हे विचारत बसू नका. होकार कधी दिला, कशासाठी दिला, समोर काय लिहिलेलं होतं, हे जपून ठेवा. आणि आधीच टिक मारून ठेवलेल्या चौकोनाला मी तरी होकार मानत नाही. माहिती विचारली म्हणून वर्षभर नव्या बॅचच्या जाहिराती ऐकवायच्या नाहीत, जाहिरातीचे कॉल साध्या 10 आकडी मोबाइलवरून करायचेच नसतात, त्याला नोंदणी आणि 140 नं सुरू होणारा नंबर लागतो.

तुमच्या धंद्यात अजून एक. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या खालचं पोरगं म्हणजे मूल, त्याच्या माहितीला पालकांची संमती लागते. म्हणून फॉर्मवर पालकांचाच नंबर घ्या. नंबरांची जुनी वहीपण अधूनमधून साफ करा, बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, गेल्या साली हो म्हणणारा माणूस आता त्या नंबरवर असेलच असं नाही.

प्रश्न : मी कुठंच फॉर्म भरला नाही तरी प्लॉटवाल्यांचे फोन येऊलालेत. काय करू?
— एक वाचक, परभणी

उत्तर : 1909 ला फोन करून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद, लावून घ्या. तरीबी आला तर ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डीएनडी ॲपवर तक्रार टाका, कॉलची तारीख अन् नंबर हाताशी ठेवा. सात दिवसांच्या आत करा मात्र, आधी तर तीनच दिवस मिळायचे.