चिडलेली पत्रं आधी वाच

प्रिय नव्या संपादका,

तू पाठवलेली वाचकांची सगळी पत्रं वाचून झाली. तू त्यांचे दोन ढीग केलेस, एक कौतुकाचा, एक तक्रारींचा, आणि कौतुकाचा ढीग उंच निघाला म्हणून सुखावलास. ते ढीग मोड. पोकर शिकवणाऱ्या मासिकाच्या बाबतीत ही वाटणी फसवी असते आणि त्याचं कारण खुद्द खेळातच आहे.

नवख्याला आपण सुरुवातीलाच काय सांगतो? डाव जिंकलास की हरलास ते बाजूला ठेव, निर्णय बरोबर होता का ते बघ. पण तोच वाचक मासिकाला पत्र लिहायला बसला की हे साफ विसरतो. महिना चांगला गेला तर लेख उत्तम, वाईट गेला तर लेख भिकार. एकाने लिहिलंय, तुमचं ऐकून एक्क्यांच्या जोडीवर अख्खा स्टॅक, म्हणजे जवळचे सगळे चिप्स, लावला आणि समोरच्याने राजांची जोडी दाखवून सगळं नेलं. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन उघड्या पानांच्या, आधी सगळे चिप्स मध्ये गेले, तर एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला साधारण ८२ टक्के वेळा हरवते. हे पत्र उरलेल्या १८ टक्क्यांतून आलेलं आहे, त्यात मासिकाच्या दर्जाबद्दल एक अक्षर नाही. आणि ‘तुमच्यामुळे स्पर्धा जिंकलो’ हे पत्रही त्याच जातीचं, बरं का. हवं तर भिंतीवर लाव, पण त्यावरून पुढचा अंक ठरवू नकोस.

आता तुझ्या तक्रारींच्या ढिगातलं ते शिवराळ पत्र घे. ‘फ्लश ड्रॉला ३५ टक्के म्हणालात, मी दरवेळी कॉल केला आणि बुडालो.’ (फ्लश ड्रॉ म्हणजे एकाच चिन्हाची चार पानं जमली, पाचवं यायचंय; कॉल म्हणजे समोरच्याएवढेच चिप्स लावणं.) तू ते एक्केवाल्याच्या शेजारी टाकलंस. मी मूळ लेख काढून पाहिला. ३५ टक्के हा आकडा टर्न आणि रिव्हर ही टेबलावरची चौथी-पाचवी दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाचा. फक्त पुढचं एकच पान धरलं, तर न दिसलेल्या ४७ पानांत कामाची ९, म्हणजे जेमतेम १९ टक्के. समोरच्याने पॉटच्या, म्हणजे मध्ये साठलेल्या चिप्सच्या, निम्मी बेट लावली की कॉल परवडायला २५ टक्के लागतात. ३५ वाचलेला माणूस बिनधास्त कॉल करणार आणि टर्नला दुसरी बेट आली की अडकणार. फ्लश लागल्यावर समोरच्याकडून आणखी चिप्स निघतील, या हिशेबाने तो कॉल कधी कधी बसतोही, पण लेखात त्याचाही उल्लेख नाही. दोन वाक्यं राहून गेली होती. ती सापडली एका वैतागलेल्या माणसामुळे, आणि त्याला स्वतःलाही ते कळलेलं नाही.

म्हणून पत्राचा सूर बघू नकोस, त्यात एखादा डाव आहे का ते शोध. डाव लिहिलेला असेल तर तो मांडून बघ. पत्र कितीही उद्धट असो, तेवढा वेळ त्याला दे.

मी संपादक झाल्यावर पहिल्याच वर्षी एक डाव छापला होता. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे चिप्स) १ आणि २, एकाने ६ पर्यंत रेज केलं, म्हणजे बेट वाढवली, बिग ब्लाइंडने कॉल केलं. मी पॉट छापला १२. स्मॉल ब्लाइंड पत्ते टाकून गेला, पण त्याचा एक चिप पॉटमध्येच होता, तो मी विसरून गेले. पुढे दर फेरीला पॉटएवढी बेट आणि कॉल. त्यामुळे फ्लॉपनंतर ३९ च्या जागी ३६ आणि टर्ननंतर ११७ च्या जागी १०८. रिव्हरचा सगळा हिशेब नऊ चिप्सनी चुकला. एका वाचकाने चार ओळींत हे कळवलं, ना नमस्कार ना आभार. मला राग आला, एका चिपसाठी एवढं! राग ओसरल्यावर छपाईला जाण्याआधीचे सगळे डाव मी त्यालाच पाठवू लागले. बरीच वर्षं.

‘फार अवघड’ आणि ‘फार बाळबोध’ अशी दोन्ही पत्रं एकाच लेखाबद्दल आली आहेत, त्याची चिंता नको. लेखाच्या माथ्यावर स्टॅक किती ब्लाइंडचा, कॅश गेम की टूर्नामेंट, एवढं छापलंस तर निम्मी भांडणं मिटतील.

‘नुसते सॉल्व्हरचे (म्हणजे उत्तम खेळी काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरचे) तक्ते छापता’ ही तक्रार मात्र मनावर घे. तक्ता आता कुणालाही काढता येतो, त्यासाठी मासिक कशाला विकत घ्यायचं? एक्का-पंजा एकाच चिन्हाचे असतील तर कधी कधी ब्लफ म्हणून रीरेज करा, म्हणजे समोरच्याच्या रेजवर आणखी वाढवा, असं तक्ता सांगतो. का, ते सांगत नाही. आपल्या हातात एक एक्का आला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे ६ प्रकार घटून ३ उरतात, आणि एक्का-राजाचे १६ चे १२ होतात. म्हणजे ज्या पानांनी तो उलटून मारेल, तीच कमी झाली. शिवाय कॉल आलाच तर या पानांतून फ्लशही लागू शकतो. हे वाक्य लेखकाकडून काढून घेणं हे तुझं काम. ते येत नसेल, तर त्यालाही तक्ता समजलेला नाही असं धर. (असे लेखक बरेच भेटतील, आत्मविश्वासात मुळीच कमी नसतात.)

अंकाच्या शेवटी ‘अंक कसा वाटला?’ असं विचारतोस ते बंद कर. त्याला ‘छान’ याखेरीज उत्तरच नसतं. त्याऐवजी विचार: मागचा अंक वाचल्यावर कोणता डाव वेगळा खेळलात? पत्रं कमी येतील, पण जी येतील ती जपून ठेव.

तुझी,
जुनी संपादक

ता. क. या अंकातल्या शेवटच्या लेखात नायकाच्या हातात चौकटची राणी आहे आणि टर्नला पुन्हा चौकटचीच राणी पडते. सगळा गठ्ठा दोनदा चाळला, कुणीही याबद्दल लिहिलेलं नाही.