वारसाचे की वारशाचे? जतन की संवर्धन?

‘सांस्कृतिक वारसाचे जतन’ हा प्रयोग बरोबर आहे का, आणि ‘जतन’ऐवजी ‘संवर्धन’ म्हटले तर चालेल का, असे एका वाचकाने आपल्या उपक्रमाच्या संदर्भात विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. पैसा-पैशाचे, ससा-सशाचे, तसेच वारसा-वारशाचे. ‘वारसाचे’ हे ‘वारस’ या शब्दाचे रूप झाले, तेव्हा इथे ते चुकीचे.

दुसरा भाग मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. ‘जतन’ हा शब्द संस्कृत ‘यत्न’पासून आला, त्यामुळे कष्ट त्यात मुळातच आहेत. वस्तू कुलपात ठेवून विसरून जाणे म्हणजे जतन नव्हे. ‘संवर्धन’ मात्र ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूवरून आलेले. पशुसंवर्धन म्हणतो तेव्हा जनावरांची निगा आणि पैदास दोन्ही त्यात येतात. ताम्रपट वाढत नाही, त्याचे जतनच करायचे. लोकगीताचे ध्वनिमुद्रण करून ठेवले, तर तेही जतनच. ते गीत नव्या गळ्यांत उतरले, कुणी त्यात आपले कडवे जोडले, की संवर्धन सुरू झाले. म्हणून हे दोन शब्द सरसकट अदलाबदलीने वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

युनेस्कोचा 1972चा करार वास्तू, स्थळे आणि निसर्ग यांच्यासाठी होता. 2003चा करार अमूर्त वारशाचा, म्हणजे मौखिक परंपरा, विधी, कारागिरी यांचा. त्यात नोंद, संशोधन, जतन, प्रसार, पुढच्या पिढीकडे सोपवणे, पुनरुज्जीवन अशी कामांची मालिकाच दिली आहे. जतन हा तिच्यातला एक टप्पा.

युरोप परिषदेने 2005मध्ये पोर्तुगालमधल्या फारो शहरात केलेला करार आणखी पुढे गेला. वारशाचे समाजासाठी मोल काय, हाच त्याचा विषय. एखाद्या वारशाला जे मोल देतात आणि तो टिकवून पुढे सोपवू इच्छितात, ते त्याचा ‘वारसा-समुदाय’, असे तो मानतो. त्यासाठी रक्ताचे नाते लागत नाही. मालमत्तेचा वारस कायदा ठरवतो; इथे आस्था असलेला कुणीही वारस होऊ शकतो, आणि मला हे फार मोलाचे वाटते.

मराठीत वारसा लाभतो, लोक तो सांगतात आणि चालवतातही. सांगणारे पुष्कळ भेटतात. विचारणाऱ्यांच्या उपक्रमात लोक स्वतः गाणार, शिकणार, घडवणार असतील, तर ‘सांस्कृतिक वारशाचे जतन आणि संवर्धन’ असे लिहावे. केवळ जुन्या वस्तूंचे प्रदर्शन असेल, तर ‘जतन’ पुरेसे आहे.