बॅकअप सुरू झाला की बाकी सगळं अडकतं. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्क सगळ्यांना सारखी वाटून देत नाही का?

तुम्ही लिहिलंय की लिनक्सवर रात्रीचा बॅकअप चालू असताना साधी फाइल उघडायलाही कित्येक सेकंद लागतात, सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा दिसतो, आणि बॅकअपला आयोनाइस (डिस्क वापरण्यातलं प्रोग्रामचं प्राधान्य ठरवणारी आज्ञा) लावूनही फरक पडत नाही. माझा रोजचा संबंध सर्व्हरच्या स्टोरेजशी येतो आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याच्या पोटात एक दुसरा प्रश्न दडलेला आहे: डिस्कच्या बाबतीत ‘सारखं’ म्हणजे नेमकं काय सारखं?

आधी फिरती हार्ड डिस्क घेऊ, सगळी अडचण तिथे उघड दिसते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद जातात. हेड योग्य ट्रॅकवर (डेटाच्या वर्तुळाकार पट्टीवर) न्यायला आणखी आठ-नऊ. एका विस्कळीत वाचनाला असे बारा-तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जेमतेम ८० वाचनं होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं असेल तर हा वेग सेकंदाला ३२० केबीच्या आसपास आला. तीच डिस्क सलग वाचू दिली तर सेकंदाला १५० एमबी सहज देते.

आता दोन प्रोग्राम समजा. एक डेटाबेस, इकडून तिकडून ४-४ केबी उचलणारा. दुसरा तुमचा बॅकअप, मोठ्या फाइली सलग वाचणारा. दोघांना बाइट सारखे मोजून द्यायचं ठरवलं तर काय होतं ते पाहा. डेटाबेसच्या १ एमबीसाठी २५६ वाचनं, म्हणजे तीन सेकंदांहून जास्त. बॅकअपचा १ एमबी सात मिलिसेकंदांत संपतो. कागदावर वाटणी बरोबर दिसते, पण डिस्कचा ९९ टक्क्यांहून जास्त वेळ एकटा डेटाबेस खातो आणि बॅकअपही ३२० केबीच्या वेगाने रांगतो. त्याऐवजी डिस्कचा वेळ अर्धा-अर्धा दिला तर डेटाबेसला सेकंदाला ४० वाचनं मिळतात आणि बॅकअपला ७५ एमबी. प्रत्येकाला तो एकटा असता तर जे मिळालं असतं त्याच्या निम्मं मिळालं. माझ्या मते डिस्कच्या न्यायाची हीच खरी व्याख्या आहे: मोजायचा तो वेळ.

जुन्या पद्धती या दिशेने विचारच करत नव्हत्या. आलेल्या क्रमाने विनंत्या पुरवल्या तर हेड वेड्यासारखं धावतं. सर्वांत जवळची विनंती आधी घेतली तर वेग वाढतो, पण लांबच्या ट्रॅकवरचा प्रोग्राम उपाशी मरू शकतो. म्हणून लिफ्टसारखी पद्धत आली: एका दिशेने जाताना वाटेतले सगळे मजले घ्यायचे, मग उलट फिरायचं. लिनक्समध्ये या भागाला अजूनही एलिव्हेटरच म्हणतात. पण लिफ्टला फक्त मजला दिसतो, माणूस दिसत नाही. एकाच माणसाने शंभर बटणं दाबली तर शंभरही वेळा ती त्याच्यासाठीच थांबते.

कोणाची विनंती आधी घ्यायची हे ठरवणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. डेडलाइन नावाच्या शेड्युलरने त्यात मुदत आणली. नेहमीच्या सेटिंगमध्ये वाचनाला ५०० मिलिसेकंद, लेखनाला ५ सेकंद. मुदत टळली की जागेचा क्रम सोडून ती विनंती आधी घ्यायची. दोघांत दसपट फरक का? वाचणारा प्रोग्राम डेटा हातात येईपर्यंत पुढे सरकूच शकत नाही. लिहिणारा मेमरीत ठेवून मोकळा होतो. हा फरक लक्षात ठेवा, तुमच्या तक्रारीचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

प्रोग्रामनुसार वाटणी करायची तर प्रत्येकाची रांग वेगळी हवी. येन्स ॲक्सबो यांच्या सीएफक्यू या शेड्युलरने ते केलं आणि २००६ च्या २.६.१८ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तोच लिनक्सचा मूळ शेड्युलर झाला. प्रत्येक रांगेला वेळेचा तुकडा, त्या तुकड्यात डिस्क तिची. आणि इथे या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट येते. समजा एक प्रोग्राम फाइल सलग वाचतोय, पण एका वेळी एकच विनंती पाठवतो. उत्तर मिळालं की अर्धा मिलिसेकंद काहीतरी हिशेब करतो आणि लगतचाच पुढचा तुकडा मागतो. त्या अर्ध्या मिलिसेकंदात त्याची रांग रिकामी असते. भोळा शेड्युलर म्हणतो, हा संपला, आणि हेड दुसऱ्या टोकाला पाठवतो. लगेच पहिल्याची विनंती येते, हेड परत. दोघांचंही नुकसान. वर ज्याच्या रांगेत कायम ढीगभर विनंत्या असतात तो डिस्क बळकावतो, आणि शिस्तीत एकेक मागणाऱ्याची पाळी दर वेळी हुकते.

२००१ मध्ये अय्यर आणि ड्रुशेल या संशोधकांनी याला फसवी रिकामी वेळ असं ओळखलं आणि उपाय सुचवला: काम समोर असूनही डिस्क काही क्षण मुद्दाम रिकामी ठेवायची, त्याच प्रोग्रामची पुढची विनंती येते का ते पाहायचं. सीएफक्यूमध्ये ही वाट पाहण्याची मुदत ८ मिलिसेकंद होती. काम पडलेलं असताना यंत्राने थांबायचं हे पहिल्यांदा ऐकून पटत नाही. पण त्या थांबण्याशिवाय सलग वाचणाऱ्याला न्याय मिळत नाही आणि एकूण वेगही पडतो.

पाओलो व्हॅलेंते यांचा बीएफक्यू शेड्युलर (२०१७, कर्नल ४.१२) याच विचाराचा पुढचा टप्पा. तो वेळेऐवजी सेक्टरचं बजेट देतो, पण जो प्रोग्राम इकडेतिकडे उड्या मारत डिस्कचा वेळ खातो त्याच्या खात्यावर वेळेच्या हिशेबाने खर्च टाकतो. शिवाय नुकत्याच उघडलेल्या किंवा थोडं-थोडं मागणाऱ्या प्रोग्रामचं वजन तात्पुरतं वाढवतो. म्हणजे तो काटेकोर समानता मुद्दाम मोडतो, आणि तेच बरोबर आहे असं मला वाटतं. समोर बसलेल्या माणसाला फाइल उघडायची आहे. बॅकअपला दोन मिनिटं उशीर झाला तर कुणाचंही बिघडत नाही.

आता तुमच्या आयोनाइसकडे येऊ. ते निरुपयोगी ठरण्याची दोन कारणं मला वारंवार दिसतात.

पहिलं, शेड्युलर ते ऐकतच नाही. सिस फोल्डरमध्ये ब्लॉक, मग तुमच्या डिस्कचं नाव, मग क्यू, आणि त्यात शेड्युलर नावाची फाइल आहे. ती वाचलीत की चौकोनी कंसात सध्याचा शेड्युलर दिसेल. तिथे ‘नन’ (म्हणजे कोणताच शेड्युलर नाही) असेल तर प्राधान्याला काहीच अर्थ उरत नाही. बीएफक्यू ते पूर्ण मानतो. एमक्यू-डेडलाइनला, म्हणजे डेडलाइनच्या नव्या आवृत्तीला, ते बरंच उशिरा कळू लागलं, आणि तेही फक्त प्राधान्याच्या वर्गापुरतं. वर्गाच्या आतल्या शून्य ते सात या पायऱ्यांचा भेद तो करत नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. बॅकअप जेव्हा लिहितो तेव्हा डेटा डिस्कवर जात नाही, मेमरीतल्या पेज कॅशमध्ये जातो. तिथून तो नंतर कर्नलचा स्वतःचा थ्रेड लिहून काढतो: दर पाच सेकंदांनी जागा होऊन, ३० सेकंदांहून जुना झालेला डेटा. न लिहिलेला डेटा वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला तर त्याआधीच. शेड्युलरला विनंती दिसते ती कर्नलच्या नावाने. तुम्ही बॅकअपला दिलेलं प्राधान्य वाटेतच गळून पडतं. प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढू लागलं की कर्नल लिहिणाऱ्यांना थोपवायला लागतो, आणि त्यात दोन ओळींचा लॉग लिहिणारा निरपराध प्रोग्रामही अडकू शकतो. त्यात एखाद्याने एफसिंक (माझा डेटा आत्ता डिस्कवर लिहा ही विनंती) मागितलं आणि फाइल सिस्टीमच्या जर्नलचा (बदलांची नोंदवही) एकच व्यवहार सगळ्यांचे बदल घेऊन चालला असेल, तर त्याला इतरांचा डेटा उतरेपर्यंतही थांबावं लागतं. ही सगळी कोंडी शेड्युलरच्या आधीच झालेली असते, त्यामुळे शेड्युलर बदलून ती सुटत नाही.

हा हिशेब नीट लागायला २०१५ उजाडलं. कर्नल ४.२ पासून सीग्रुपच्या (प्रोग्रामचे गट करून त्यांचा वापर मोजण्याची कर्नलची सोय) नव्या आवृत्तीत, पाठिंबा असलेल्या फाइल सिस्टीमवर, मेमरीतून नंतर लिहिलेला डेटाही मूळ गटाच्या खात्यावर टाकता येतो.

एसएसडीचं थोडक्यात सांगतो. हेड नसल्यामुळे क्रम लावण्याची गरज जवळजवळ संपते, पण न्यायाची गरज संपत नाही. साटा या जुन्या जोडणीवरची डिस्क एका वेळी ३२ आज्ञा स्वतःकडे घेते, एनव्हीएमई या एसएसडीसाठीच्या नव्या जोडणीच्या मानकात ६५,५३५ पर्यंत रांगा आहेत. एकदा आज्ञा उपकरणात गेली की तिचा क्रम उपकरण ठरवतं. म्हणून न्याय करायचा तर आत सोडतानाच मोजून सोडावं लागतं. कायबर शेड्युलर वाचनासाठी २ आणि लेखनासाठी १० मिलिसेकंदांचं लक्ष्य ठेवून तेच करतो. तेजुन हो यांचा आयओकॉस्ट हा सीग्रुपचा नियंत्रक (कर्नल ५.४) आणखी पुढे जातो: सलग की विस्कळीत, वाचन की लेखन, यावरून प्रत्येक विनंतीची किंमत उपकरणाच्या वेळेत काढतो आणि गटांच्या वजनाप्रमाणे वाटतो. फिरून फिरून मोजला जातो तो वेळच.

तुमच्यासाठी मी या क्रमाने करेन. डिस्क फिरती किंवा साटा एसएसडी असेल तर बीएफक्यू लावून बॅकअप आयोनाइसच्या आयडल वर्गात (इतर कुणाला डिस्क नको असेल तेव्हाच पाळी) चालवा. बॅकअपचं वाचन त्याने लगेच मागे सरकेल. लेखनाची कोंडी राहिली तर न लिहिलेल्या डेटाची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये द्या, काहीशे एमबीपर्यंत खाली आणा. भरपूर मेमरी असलेल्या मशीनवर १० टक्के म्हणजे कित्येक जीबी होतात, आणि ते एकदम उतरू लागले की फिरत्या डिस्कला काही सुचत नाही. तरीही अडकत असेल तर बॅकअपला वेगळ्या सीग्रुपमध्ये टाकून त्याच्या वाचन-लेखनाला सेकंदाला इतके बाइट अशी सरळ मर्यादा घाला. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणारी व्यवस्था) सेवेत ती दोन ओळींत लिहिता येते, आणि बॅकअप एनव्हीएमईवर ‘नन’ शेड्युलरखाली चालत असला तरी ती लागू होते.