नागपुरात गोल्फ कोर्सला लागून फ्लॅट घेताना काय तपासावं? मैदानाकडच्या बाजूसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की वर्धा रोडकडच्या एका वसाहतीत पाचव्या मजल्यावरचा 3 बीएचके बघताय, मैदान पश्चिमेला आहे, दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे आणि त्या बाजूसाठी बिल्डर वेगळी रक्कम मागतोय. पश्चिमेच्या फ्लॅटला मी ती रक्कम देणार नाही. मैदान उत्तरेला किंवा पूर्वेला असतं तर दिली असती, पण चेंडूची रेषा आणि जमिनीचे कागद बघूनच.

आधी उन्हाचं बोलू, कारण नागपुरात घराचं सुखदुःख तिथेच ठरतं. नवतप्यात, म्हणजे 25 मेपासूनच्या नऊ दिवसांत, भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा निकामी ठरतो. चार वाजता सूर्य साधारण 37 अंशांवर असतो, साडेपाचला 16 अंशांवर, आणि मावळायला पावणेसात होतात. पाच फूट खोल बाल्कनीसुद्धा चार वाजता काचेचा वरचा पावणेचार फूटच झाकते, पुढे तेवढाही नाही. आतून जाड पडदा लावून फार उपयोग होत नाही, कारण काचेतून आत आलेली उष्णता घरातच राहते. ऊन बाहेरच अडवावं लागतं: उभ्या लूव्हर पट्ट्या, किंवा बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा. अशा वसाहतींत इमारतीच्या दर्शनी भागात बदल करायला सहसा मनाई असते. म्हणून चिक किंवा लूव्हर लावायची परवानगी करारनाम्यातच लिहून घ्या.

दुसरा प्रश्न कूलरचा. असे फ्लॅट बहुधा एसी गृहीत धरून आखलेले असतात आणि कूलरला जागाच नसते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही नाही, पण तो बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा तेवढीच हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या नसतील तर ताट्या कितीही नव्या असू द्या, दोन तासांत घर दमट होतं. नकाशात एवढं शोधा: सावलीच्या बाजूला ड्राय बाल्कनी, तिथे नळ, पाणी वाहून जायला जाळी आणि प्लग पॉइंट. 80 लिटर टाकीचा कूलर पाण्यासकट शंभर किलोच्या पुढे जातो, त्यामुळे तो ग्रिलवर टांगायचा विचार करू नका. एसीची बाहेरची युनिटं बंद डक्टमध्ये एकावर एक ठेवलेली दिसली तर तोही दोषच समजा. खालच्या युनिटची गरम हवा वरचं युनिट ओढतं, आणि 45 अंशांच्या दुपारी ते वारंवार ट्रिप होतं.

आता चेंडू. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात आणि शिकाऊ माणसाचा फटका उजवीकडे वळतो, त्याला स्लाइस म्हणतात. टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, उभे राहा आणि ग्रीनकडे, म्हणजे भोक असलेल्या बारीक हिरवळीकडे, तोंड करा. तुमची इमारत उजव्या हाताला, साधारण 130 ते 220 मीटरच्या पट्ट्यात असेल तर सर्वाधिक चेंडू तिथेच येतील. हे अंतर गूगल मॅपवर मोजता येतं. टीच्या मागची इमारत सगळ्यात सुरक्षित, डावीकडची त्यापेक्षा थोडी कमी. हौशी खेळाडूचा चेंडू सहसा 20 ते 30 मीटरच्या वर चढत नाही, म्हणजे दहाव्या मजल्याच्या वर काळजी जवळजवळ संपते. पाचवा मजला मात्र माऱ्यात येतो. चेंडू 46 ग्रॅमचा असला तरी कडक असतो आणि ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या काठीवरून ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने सुटू शकतो. टफन्ड काच फुटली की तिचा चुरा होऊन खाली पडतो. लॅमिनेटेड काचेला तडे जातात, पण मधल्या पीव्हीबी या प्लास्टिकच्या थरामुळे ती जागेवर राहते, म्हणून मैदानाकडे तीच हवी. फुटलेल्या काचेचा खर्च क्लब देणार, सोसायटी की तुम्ही, हेही विचारा. यावर लेखी उत्तर क्वचितच तयार असतं.

पाण्याचा हिशोब स्वतः करा, तो अवघड नाही. एक हेक्टर हिरवळीला 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 50,000 लिटर. अठरा होलच्या मैदानात 25 हेक्टर भिजवायचे तर दिवसाला साडेबारा लाख लिटर, आणि मे महिन्यात गरज याहून जास्तच. एका माणसामागे सांडपाणी साधारण 108 लिटर धरलं तर 500 फ्लॅटांतल्या 2,000 माणसांकडून सव्वादोन लाख लिटरही मिळत नाही. तेव्हा ‘एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) पाण्यावर मैदान चालतं’ असं सांगितलं तर उरलेले दहा लाख लिटर कुठून येतात ते विचारा. उत्तर बोअरवेल असेल आणि वसाहत महापालिकेच्या पाणीपुरवठ्याबाहेर असेल, तर ज्या भूजलातून तुम्ही पिणार त्याच भूजलातून गवत पिणार. उन्हाळ्यात टँकर कोणासाठी येतो आणि त्याचं बिल कोणाच्या मेंटेनन्समध्ये टाकतात, हे तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारा.

तळ्यांमुळे डास येणारच. तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीत जाळी बसते, पण एका वेळी जेमतेम अर्धी ते दोन-तृतीयांश खिडकीच उघडते, म्हणून बेडरूमला बिजागरीची खिडकी मागा. ग्रीनवर रोज यंत्र फिरतं, तेही उजाडताच. झोप सावध असेल तर बेडरूम त्या बाजूला नको.

कागदांत मुख्य गोष्ट एकच: मैदान नोंदणीकृत प्रकल्पाचा भाग आहे का. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर मंजूर लेआउट उघडा, प्रकल्पाचे खसरा (जमिनीचे सर्व्हे) क्रमांक आणि मैदानाचे खसरा क्रमांक जुळवा, मैदानाचा सातबारा काढा. मैदान प्रकल्पात असेल तर लेआउट बदलायला रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ते वेगळ्या कंपनीच्या नावावर असेल तर हे संरक्षण तुम्हाला नाही, आणि उद्या तिथे टॉवर उभा राहिला तर तुमच्या हातात उरतं ते फक्त जाहिरातीचं पत्रक. ते जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या आश्वासनावर कलम 12 खाली भरपाई मागता येते, पण हिरवळ परत येत नाही. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर उरलेली मुदतही बघा.

मेंटेनन्समध्ये मैदानाचा खर्च धरलाय का, ते वेगळं काढून घ्या. 1,200 चौरस फुटांना साडेसहा रुपये दराने महिन्याला 7,800 होतात. 7,500 ची मर्यादा ओलांडली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर असली की 18 टक्के जीएसटी लागतो. क्लबचं सदस्यत्व फ्लॅटसोबत मोफत म्हणतात तेव्हा ते किती वर्षांचं, खेळायची फी त्यात धरली आहे का आणि फ्लॅट विकल्यावर नव्या मालकाला मिळतं का, हे तीन मुद्दे करारात यायला हवेत. शेवटचा मुद्दा गाळला असेल तर पुनर्विक्रीच्या वेळी ‘गोल्फ फ्लॅट’ म्हणून तुम्हाला जादा भाव मिळणं कठीण आहे.