गिफ्ट : भेट, विष की लग्न?

तुमचा प्रश्न असा की इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, जर्मनमध्ये विष आणि स्वीडिशमध्ये चक्क ‘विवाहित’. मग हा शब्द एकच, की नुसता योगायोग?

एकच. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबेन’ या ‘देणे’च्या घराण्यातलं हे नाम. मूळ अर्थ एवढाच : जे दिलं ते.

लग्नाचं कोडं सोपं आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द नवऱ्यामुलाने वधूसाठी द्यायच्या रकमेला वापरत आणि त्याचं अनेकवचन म्हणजे लग्न. आपल्याकडेही मुलगी ‘देतात’च, तेव्हा जास्त फोड करत नाही. जर्मनमध्ये आजही ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा, मुलीसोबत दिलेलं. भेटवस्तूचा इंग्रजी अर्थ मात्र व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेच्या वळणाने रुळला. खूण उच्चारात सापडते : अस्सल इंग्रजी शब्द ‘यिफ्ट’ असा होता, कडक ‘ग’ नॉर्सचा. आणि आज स्वीडिश माणूसच ‘यिफ्ट’ म्हणतो!

खरी गंमत विषाची. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत, म्हणजे ‘देणं’. आपला डॉक्टरांचा ‘डोस’ तोच, आणि संस्कृत ‘दान’ त्याचं लांबचं भावंड. हा शब्द लॅटिनमधून जर्मन भाषिकांपर्यंत पोचला, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ आपल्या ‘गिफ्ट’वर चढवला. मग मात्रा कसली, तर विषाची. रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतात ना, तसंच हे आडून बोलणं. फ्रेंचांनीही तेच केलं : त्यांचा ‘प्वाझाँ’ हा लॅटिन ‘पोतिओ’, म्हणजे साधं पेय. इंग्रजी ‘पॉयझन’ तिथूनच आलं.

जर्मनमध्ये दोन्ही अर्थ बराच काळ एकत्र नांदले. पुढे भेट स्त्रीलिंगी, ‘दी गिफ्ट’, आणि विष नपुंसकलिंगी, ‘दास गिफ्ट’, अशी वाटणी झाली. शेवटी विषाने भेटीला घराबाहेर काढलं; आता भेटीला ‘गेशेंक’ म्हणतात आणि उंदराच्या औषधाला ‘राटेनगिफ्ट’. डच लोकांनी शहाणपणा करून विषाच्या शब्दातला शेवटचा ‘ट’च गाळला, त्यामुळे त्यांच्याकडे ‘गिफ्ट’ अजून देणगीच आहे. स्वीडिशने मात्र जर्मनकडून विषही घेतलं आणि लग्नही सोडलं नाही. दोन्हींचं स्पेलिंग एकच, उच्चारही एकच. यावरचे विनोद तिथे केव्हाच शिळे झालेत.