आर्क्टिकमध्ये वसंतात जमिनीलगतचा ओझोन जवळजवळ शून्यावर येतो, ते ओझोनचं छिद्रच असतं का?

नाही, ही पूर्णपणे वेगळी घटना आहे. छिद्र पडतं ते साधारण १५-२० किलोमीटर उंचीवर, प्रामुख्याने अंटार्क्टिकावर. इथे मात्र जमिनीलगतच्या हवेतला ओझोन जातो, आणि तो संपवतं ब्रोमिन हे मूलद्रव्य. लांबलचक ध्रुवीय रात्रीनंतर ऊन परतलं की खारट समुद्री बर्फातून ब्रोमिन सुटतं. त्याचा एकच अणू पुन्हापुन्हा ओझोन फोडत राहतो. एरवी हवेच्या १ अब्ज रेणूंमागे ओझोनचे ३०-४० रेणू असतात, ते काही तासांत एकाच्याही खाली येतात! उत्तर कॅनडातल्या ‘अलर्ट’ नावाच्या निरीक्षण केंद्रावर १९८०च्या दशकापासून हे मोजलं गेलंय. मात्र प्रत्येक घसरण जागच्या जागी घडत नाही. कधी ओझोन आधीच गमावलेली हवा समुद्रावरून वाहत येते. त्यामुळे अनेक वर्षांचा कल काढताना वाऱ्याची दिशा तपासायलाच हवी.